‘बाबा, यात तुम्ही कुठे आहात?’

एका वाचकाने सात पानी पत्र पाठवलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देते.

ते ४६ वर्षांचे आहेत. लहानपणापासून मल्लखांब केला. २३ व्या वर्षी सर्कशीच्या धाटणीच्या एका शोबरोबर लास व्हेगासला गेले. पाच वर्षांनी तो शो बंद पडला, तेव्हा लॉस एंजेलिसला आले. तिथे गेली १८ वर्षं ते सिनेमा-मालिकांमध्ये स्टंट करतात आणि छोट्या भूमिकाही करतात. टॅक्सीवाला, पहारेकरी, दुकानदार आणि सगळ्यात जास्त वेळा बंदूकधारी. बहुतेक पात्रांना नाव नसतं. ग्रीन कार्ड आहे, कलाकारांच्या युनियनचं कार्ड आहे. पत्नी नोकरी करते, मुलगा १३ वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात घरी सिनेमा बघताना मुलाने विचारलं, ‘बाबा, यात तुम्ही कुठे आहात?’ यांनी दाखवलं, तर तो म्हणाला, ‘पण चेहरा तर दिसतच नाही.’

आता त्यांच्यापुढे तीन वाटा आहेत. एका मालिकेत चार भागांची भूमिका आली आहे. पुन्हा बंदूकधारी आणि पुन्हा बिननावाचा, पण या वेळी संवाद आहेत आणि शेवटी जिन्यावरून पडायचं आहे. ओळखीचा एक स्टंट कोऑर्डिनेटर म्हणतोय, आता पडणं कमी कर, माझ्या हाताखाली रिगिंगला, म्हणजे स्टंटच्या वायर-दोऱ्या बांधायच्या कामाला ये. तिसरा विचार सगळं आवरून भारतात परतण्याचा आहे. ते विचारतात, ‘२३ वर्षांत मी कोणीच झालो नाही का? आता मी काय करू?’

नमस्कार,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मीही तुमच्याबरोबर त्या नावाच्याच विचारात गुंतले होते. दुसऱ्यांदा वाचताना पाचव्या पानाच्या तळाशी अडखळले. तिथे तुम्ही लिहिलंय, ‘गाडीच्या टपावर आपटलो त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून डोकं दुखतं, उजेड सहन होत नाही, कधी साधा शब्द आठवत नाही. पण या धंद्यात हे चालायचंच. घरी सांगितलेलं नाही.’ आणि लगेच पुढच्या ओळीत पुन्हा श्रेयनामावलीची गोष्ट सुरू.

सात पानांत या दुखण्याला मोजून एवढीच जागा मिळाली आहे. तुम्ही मला विचारलेला प्रश्न वेगळा आहे हे मला कळतं आणि त्याच्याकडे मी येणारच आहे. पण तीनपैकी कुठली वाट धरायची हे ज्या डोक्याने ठरवायचं, त्याची तपासणी अजून झालेली नाही. म्हणून आधी तिथून सुरुवात करू.

डोक्याला मार लागून मेंदू हादरला तर माणूस बेशुद्ध व्हायलाच हवा, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे. शुद्ध न हरपताही कंकशन होतं. साधा सीटी स्कॅन अनेकदा अगदी स्वच्छ येतो, कारण तो मुख्यतः रक्तस्राव आणि मोडलेलं हाड शोधतो. त्यामुळे ‘त्या दिवशी स्कॅन नॉर्मल होता’ हे तुमचं वाक्य मला पुरेसं वाटत नाही. तुम्ही आणखी तीन प्रसंग ओझरते सांगितले आहेत. त्यातल्या एकात तर आपटल्यावर अर्ध्या तासात पुन्हा टेक दिलात. आता खेळाच्या मैदानांवरचा नियम असा आहे की कंकशनची नुसती शंका आली तरी खेळाडूला त्या दिवशी परत उतरवायचं नाही. मुष्टियोद्ध्यांमध्ये वारंवारच्या माराने होणाऱ्या बदलांचं वर्णन एका अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९२८ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात केलं होतं. म्हणजे हे ज्ञान नवं नाही. ते सेटपर्यंत पोचायला वेळ लागला, कारण तिथे ‘मला बरं वाटत नाहीये’ म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी फोन येत नाही, अशी भीती असते.

तुम्हाला घाबरवायचं नाहीये. इंटरनेटवर सीटीई या, डोक्यावरच्या वारंवारच्या माराने होणाऱ्या मेंदूच्या आजाराबद्दल वाचून तुम्ही रात्र काढली असेल, असं तुमच्या एका वाक्यावरून वाटलं. त्याचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतर मेंदूच्या तपासणीतूनच होतं. जिवंत माणसाने ते स्वतःवर लादून घेऊ नये. तुमच्या तक्रारींमागे मानेची जुनी दुखापत असू शकते, झोपेतला श्वासाचा अडथळा असू शकतो, रक्तदाब किंवा नैराश्य असू शकतं. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. पण ते तपासल्याशिवाय कसं कळणार? न्यूरॉलॉजिस्टकडे जा. जमलं तर कंकशनचं वेगळं क्लिनिक असलेल्या ठिकाणी जा. स्मरणशक्ती आणि एकाग्रतेच्या सविस्तर चाचण्या करून घ्या, म्हणजे आजची नोंद हाताशी राहील. अचानक असह्य डोकेदुखी, वारंवार उलटी, बोलणं अडखळणं, एका बाजूला कमजोरी, यातलं काहीही झालं तर भेटीची वाट न बघता ९११ ला फोन करायचा.

माझे एक काका पैलवान होते. दोन्ही कान फुटलेले, पाठ एखाद्या दारासारखी. उतारवयात ते घरातल्यांची नावं विसरायला लागले, चिडायला लागले आणि आम्ही म्हणालो, वय झालं. आखाड्यात त्यांनी डोक्यावर काय काय झेललं होतं, हे आमच्यापैकी कोणीच कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. त्या दोन गोष्टींचा संबंध होता की नाही हे मला आज सांगता येणार नाही, पण न विचारल्याची बोच अजून आहे. तुमच्या पत्नीच्या वाट्याला ती बोच येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

तिला सांगण्यासाठी मोठ्या प्रस्तावनेची गरज नाही. ‘दोन वर्षांपासून डोकं दुखतंय, मी लपवलं, डॉक्टरकडे जायचंय आणि तू बरोबर यावंस असं वाटतं.’ एवढं पुरे. खरं तर तिने बरोबर असण्याचा वैद्यकीय उपयोगही आहे. विसरणं आणि चिडणं हे स्वतःपेक्षा शेजारच्या माणसाला आधी दिसतं.

मग विम्याचं. तुम्ही लिहिलंय की युनियनचा आरोग्य विमा टिकवायचा तर वर्षाला ठरावीक कमाई व्हावी लागते, म्हणून पडण्याची कामं नाकारता येत नाहीत. हा फास खरा आहे. ती मर्यादा सध्या साधारण २८,००० डॉलरच्या आसपास आहे आणि थोडीथोडी वाढत असते. स्टंटच्या एका दिवसाचा किमान दर सुमारे १,२०० डॉलर धरला, तर अ‍ॅडजस्टमेंट (अवघड स्टंटचे जादा पैसे) आणि रेसिड्युअल (पुन्हा दाखवल्याचे पैसे) सोडून वर्षाला २३-२४ दिवस काम मिळायला हवं. मंदीच्या वर्षात तेही जड जातं. २०२३ मध्ये तर ११८ दिवस कलाकारांचा संपच होता. पण तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे आणि तिचा हिशेब तुम्ही मांडलेला दिसत नाही. पत्नीच्या नोकरीतून कुटुंबाचा विमा मिळू शकतो. तो महाग पडतो म्हणून घेतला नव्हता, असं तुम्ही म्हणता. किती महाग? कागदावर आकडा लिहा आणि त्याच्या शेजारी एका जिन्यावरून पडण्याची किंमत लिहा. तुमचा विमा कमाईअभावी गेला तर सहसा ३० दिवसांच्या आत तिच्या कंपनीच्या विम्यात मधूनच शिरता येतं, वर्षअखेरीची वाट बघावी लागत नाही. कॅलिफोर्नियाच्या सरकारी बाजारातून विमा घ्यायचा तर त्यासाठी ६० दिवस मिळतात. हे दार उघडं आहे हे कळल्यावर ‘नाही’ म्हणणं बरंच सोपं होतं.

कामावर झालेल्या इजेसाठी वर्कर्स कॉम्पेन्सेशन वेगळं आहे, ते या विम्यावर अवलंबून नाही. कॅलिफोर्नियात इजा झाल्यापासून ३० दिवसांत मालकाला कळवायचं असतं आणि दावा साधारण एका वर्षात लावायचा असतो. गाडीच्या टपाची घटना दोन वर्षांपूर्वीची आहे, त्यामुळे ती मुदत गेली असं तुम्ही गृहीत धरलंय. कदाचित तसं असेलही. पण वर्षानुवर्षांच्या माराने हळूहळू साचत गेलेली इजा तिथला कायदा वेगळी मोजतो आणि तिची मुदतही वेगळ्या दिवसापासून धरली जाते. हे वर्कर्स कॉम्पेन्सेशनच्या वकिलालाच विचारा. त्याची फी शेवटी मिळालेल्या रकमेतून जाते, आधी खिशातून काही द्यावं लागत नाही. तुमच्यासारखे जे वाचक अजून व्हिसावर किंवा कागदपत्रांशिवाय तिथे राबताहेत, त्यांनाही सांगते की कॅलिफोर्नियात हा हक्क इमिग्रेशनच्या स्थितीवर ठरत नाही.

आता नावाकडे येऊ.

तुमच्या प्रश्नाखाली एक समजूत दडलेली आहे. अभिनय वरचा, स्टंट खालचा, आणि तुम्ही १८ वर्षं खालच्या पायरीवर अडकलात. वरच्या पायरीवर चेहरा आणि नाव मिळतं, म्हणजे खालच्या पायरीवरचा माणूस कोणीच नाही. ही समजूत तुमची एकट्याची नाही. उद्योगानेही ती जपलीच होती. दूरचित्रवाणीच्या एमी पुरस्कारांत स्टंट कोऑर्डिनेशनला २००२ पासून जागा आहे. पण ऑस्करने स्टंटसाठी स्वतंत्र पुरस्कार जाहीर करायला एप्रिल २०२५ उजाडलं. तो २०२७ च्या चित्रपटांपासून, म्हणजे २०२८ मधल्या शंभराव्या सोहळ्यात पहिल्यांदा दिला जाईल. जवळजवळ शंभर वर्षं ज्या घराने या कामाला खुर्ची दिली नाही, त्या घराच्या मापाने तुम्ही स्वतःला मोजताय.

तुमच्या धंद्यात ‘एनडी’ म्हणतात, नॉनडिस्क्रिप्ट. ज्याचं काही वर्णन नाही असा स्टंटमन. पत्रात हा शब्द तुम्ही चार वेळा लिहिलाय, जणू ते तुमचंच वर्णन आहे. मला वाटतं ते त्या कामाचं वर्णन आहे आणि तेही अर्धवट. स्टंट डबलचं, म्हणजे नटाऐवजी स्टंट करणाऱ्याचं, कौशल्यच असं की तो दिसता कामा नये. तुमच्या मुलाला चेहरा दिसला नाही याचा अर्थ शॉट जमला होता.

आणखी एक गोष्ट तुम्ही फार घाईत सांगून टाकली आहे. दक्षिण आशियाई नटांसाठी तुम्ही अनेकदा डबल होता. हॉलिवूडमध्ये ‘पेंट डाउन’ नावाची प्रथा होती, अजून पुरती गेलेली नाही. सावळ्या नटासाठी सावळा स्टंटमन न शोधता गोऱ्याच माणसाच्या अंगाला रंग फासायचा. युनियन त्याविरुद्ध वर्षानुवर्षं बोलत आली आहे. ‘आम्हाला तसा माणूसच मिळत नाही’ हे तिथलं ठरलेलं उत्तर असतं. तुम्ही प्रत्येक वेळी फोन उचललात तेव्हा ते उत्तर एकेका सेटवर खोटं पडलं. ही गोष्ट तुम्ही मुलाला सांगितली आहे का?

परदेशातून आलेल्या धिप्पाड माणसांना गुंडच करायचं, हे तर फार जुनं आहे. माइक मॅझुर्की यांचा जन्म १९०७ मध्ये आजच्या युक्रेनमधल्या भागात झाला. लहानपणी अमेरिकेत आले, मॅनहॅटन कॉलेजातून पदवी घेतली, कुस्ती केली आणि मग पडद्यावर जवळजवळ आयुष्यभर मंद बुद्धीचे दांडगट रंगवले. शिकलेला माणूस होता, भूमिका मात्र मानेच्या जाडीवरून मिळाल्या. १९६५ मध्ये त्यांनी कुस्तीगिरांसाठी एक संघटना उभारण्यात पुढाकार घेतला, तिचे ते पहिले अध्यक्ष. तिचं नाव फुटलेल्या कानांवरून ठेवलं होतं आणि अडचणीतल्या जुन्या मल्लांना ती आजही मदत करते. हे वाचल्यावर मला काका आठवले, हे वेगळं सांगायला नको.

आणि हे फक्त तिकडेच होतं असं आपण म्हणू नये. आपल्या मुंबईनेही हेच केलं. बॉब क्रिस्टो सिडनीत जन्मलेले सिव्हिल इंजिनिअर. हिंदी सिनेमात आपण त्यांना स्मगलर, भाडोत्री गुंड आणि मार खाणारा गोरा एवढंच ओळखलं. आपण टाळ्या वाजवल्या त्या त्यांना ठोसा बसला तेव्हा. उत्तरायुष्यात ते बंगळुरूला योग शिकवत आणि २०११ मध्ये तिथेच गेले. त्यांच्या आधी मेरी इव्हान्स. १९०८ मध्ये पर्थला जन्मलेली, वडिलांच्या लष्करी नोकरीमुळे लहानपणी मुंबईत आलेली, तुमच्यासारखीच सर्कशीतून सिनेमात शिरलेली. १९३५ च्या ‘हंटरवाली’ने ती फिअरलेस नादिया झाली आणि धावत्या आगगाडीवरच्या मारामाऱ्या स्वतः करत राहिली. तिला नाव मिळालं, चेहरा मिळाला. क्रिस्टोंना तेवढं मिळालं नाही. दोघांच्या कष्टात एवढा फरक होता का? मला तसं वाटत नाही. वाडिया बंधूंसारखे निर्माते तिला त्या वेळी भेटले, तिच्याभोवती गोष्ट रचायला ते तयार झाले, हा फरक होता. तुमच्याभोवती कोणी गोष्ट रचली नाही. याचं दुःख खरं आहे आणि ते करून घ्या. त्याला तुमच्या नालायकीचा पुरावा मात्र करू नका.

तर या तीन वाटा.

भारतात परतण्याची वाट मी आत्तापुरती बाजूला ठेवेन. परतणं वाईट आहे म्हणून हे सांगत नाही. तुमच्या पत्रात परतण्याचं कारण ‘इथे काही झालं नाही’ एवढंच दिसतं, तिकडे काय करायचं आहे त्याबद्दल एकही वाक्य नाही. मुलाच्या शाळेचा उल्लेख नाही, पत्नीचं मत नाही. शिवाय काही गोष्टी न बघता विमानाचं तिकीट काढू नये. अमेरिका आणि भारत यांच्यात सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे तिथल्या सरकारी निवृत्तिवेतनाचा करार नाही, त्यामुळे दोन देशांतली कामाची वर्षं एकमेकांत मोजली जात नाहीत. तिथल्या निवृत्तिवेतनाला ४० क्रेडिट, म्हणजे साधारण १० वर्षांचं काम लागतं. तुमचे ते झाले असावेत, पण सोशल सिक्युरिटीच्या खात्यात स्वतः बघून घ्या. युनियनच्या पेन्शन प्लॅनकडूनही तुमच्या नावावर किती वर्षं जमा आहेत ते लेखी मागवा. ग्रीन कार्डवर असताना री-एंट्री परमिटशिवाय वर्षभर बाहेर राहिलात तर ते धोक्यात येतं. नागरिकत्व घेतलंत तर भारताचं सोडावं लागेल आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड घ्यावं लागेल. हा भावनेचाही प्रश्न आहे, त्याला वेळ द्या. परतायचं तर काहीतरी करायला परता.

मालिकेची भूमिका. इथे तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे आणि ती मला नीट तपासावीशी वाटते. ‘मी स्टंटमन, म्हणजे जिन्यावरून मीच पडणार.’ का? भूमिका अभिनयाची आहे. तुमच्या संमतीशिवाय तुमच्याकडून स्टंट करून घेता येत नाही, हे युनियनच्या करारातच आहे. भूमिका घ्या आणि पडण्याचा शॉट डबलने करावा असं सुरुवातीलाच सांगा. अ‍ॅडजस्टमेंटचे पैसे जातील, ते जाऊ देत. १८ वर्षं तुम्ही दुसऱ्यांसाठी पडलात. या वेळी तुमच्यासाठी एखादा २८ वर्षांचा सावळा मुलगा पडेल आणि त्या दिवशी त्याच्या घरी पगार जाईल. कोऑर्डिनेटरला इतकंच म्हणा, ‘संवाद आणि मारामारीची हालचाल माझी, जिना मी करणार नाही.’ कारण देण्याची सक्ती नाही. पण जो तुमचा भरवशाचा माणूस आहे, त्याला खरं कारण सांगावं असं माझं मत आहे. दुखणं लपवून वायरला लटकणारा माणूस दोरी धरणाऱ्यालाही धोक्यात घालतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. आणि डॉक्टरांनी मारामारीच्या हालचालीलाही नाही म्हटलं, तर तीही नाही.

बिननावाच्या बंदूकधाऱ्याचं काय करायचं? बंदूकधारी करूच नये, असं मी म्हणणार नाही. घरभाडं माझं नाही, तुमचं आहे. तुम्ही लिहिलंय की एकदा कॅमेऱ्यासमोर कुठल्याच भाषेत नसलेले शब्द तुम्हाला ओरडायला लावले होते आणि ते अजून टोचतं. तेव्हा तुम्ही नवखे होतात. आज रिहर्सलच्या आधी, चारचौघांत नव्हे तर लेखकाला किंवा दिग्दर्शकाला बाजूला घेऊन दोन प्रश्न विचारता येतील. हा माणूस कुठला आणि कुठली भाषा बोलतो? याचं नाव काय? अनेकदा त्यांनी यावर विचारच केलेला नसतो आणि कोणीतरी शांतपणे विचारलं की उत्तर तयार होतं. कधी ते चिडतील. चिडले तर तुम्हाला त्या सेटबद्दल काहीतरी कळेल. करारात तुमच्या शरीराचं किंवा चेहऱ्याचं स्कॅनिंग लिहिलं असेल तर ते कलम युनियनकडून समजून घेतल्याशिवाय सही करू नका. डिजिटल प्रतिकृती बनवायला आणि वापरायला संमती व मोबदला हवा, हे २०२३ च्या संपानंतरच्या करारात आलं आहे.

आणि रिगिंग. खरं सांगायचं तर पत्राचा हा भाग वाचताना मला तुमचा आवाज बदललेला जाणवला. मित्राने बोलावलंय हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत आणि वर ‘म्हणजे पडद्यावरून कायमचं गायब’ असा शेराही मारलात. पण त्याच्या आधीचं अर्धं पान तुम्ही कशावर लिहिलंय ते परत वाचा. एका लहान चणीच्या मुलीला वायरवर घेताना तिचं वजन कुठे तोलायचं, हार्नेसचा पट्टा कुठे काचतो, मल्लखांबाच्या दोरीवर शिकलेली पकड तिथे कशी उपयोगी पडली. सात पानांत तेवढाच भाग आनंदाने लिहिलेला आहे.

याकिमा कनट हे तुमच्या धंद्यातलं आद्य नाव. रोडिओमधून आलेला घोडेस्वार. १९३९ मध्ये धावत्या घोड्यांच्या टापांमधून आणि बग्गीखालून घसरत जाण्याचा त्यांचा स्टंट आजही शिकवतात. हाडं मोडत गेली तसे ते कॅमेऱ्यामागे गेले आणि १९५९ मध्ये पडद्यावर आलेली ‘बेन-हर’मधली ती प्रसिद्ध रथांची शर्यत त्यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. पुढे त्यांना मानद ऑस्कर मिळालं. सगळ्यांना ऑस्कर मिळत नाही, म्हणून हे उदाहरण पुरस्कारासाठी घेऊ नका. शरीर थकल्यावरही त्यांचं डोकं कामाला येत राहिलं, ते बघा.

म्हणून माझा कौल रिगिंगकडे आहे आणि भूमिका त्याच्या जोडीला, पडण्याशिवाय. पण हातचं राखून जा. मित्राच्या तोंडी निरोपावर विसंबू नका. दिवसाचा दर काय, किती दिवसांची खात्री, काम युनियनच्या कुठल्या करारात मोजलं जाणार आणि विम्याच्या कमाईत धरलं जाणार की नाही, हे आधी विचारा. रिगिंगचे दिवस कधी कधी वेगळ्या युनियनखाली येतात, तिथेच हिशेब फसतो. पुढे स्वतः कोऑर्डिनेटर व्हायचं मनात असेल तर युनियनने अनुभवाचे निकष ठेवले आहेत, कामाचे दिवस पुराव्यानिशी दाखवावे लागतात. जुन्या कॉलशीट आणि पगाराच्या पावत्या पेटीतून बाहेर काढा, वर्षवार लावा. हाच कागदांचा गठ्ठा वकिलालाही लागेल आणि पेन्शनलाही.

मधल्या काळात पैशांची ओढाताण झाली तर एंटरटेनमेंट कम्युनिटी फंड या संस्थेकडे जाता येतं. पूर्वी तिचं नाव अ‍ॅक्टर्स फंड होतं. धंदा बदलू पाहणाऱ्या कलाकारांना ते करिअरबद्दल मार्गदर्शन करतात आणि ती सेवा मोफत आहे. मदत मागणं म्हणजे हरणं, असं तुमच्या मनात येईल. तुमच्याच युनियनमधल्या हजारो माणसांनी ती मागितलेली आहे.

हे सगळं वाचणाऱ्या इतरांसाठीही दोन शब्द. नर्तक, कबड्डीपटू, मचाणावर चढणारे कामगार, माल चढवणारे-उतरवणारे, ज्यांचं शरीर हेच भांडवल आहे अशा सगळ्यांची पत्रं मला येतात आणि जवळजवळ प्रत्येकात दुखण्याला अशीच एक चोरटी ओळ असते. एक वही करा. तारीख, कुठे काम, काय झालं, कुठे लागलं, साक्षीला कोण, किती दिवस दुखलं. फोटो काढून ठेवा. आठवणीच्या भरवशावर राहू नका, विशेषतः मार डोक्याला असेल तेव्हा.

आणि तुमचा मुलगा. त्याने विचारलेल्या प्रश्नाला तुम्ही आरोप समजलात. तेरा वर्षांच्या मुलाचा तो बहुधा साधा प्रश्न होता. त्याला खरंच तुम्हाला शोधायचं होतं. एखाद्या रविवारी तोच सिनेमा परत लावा. तुमचा शॉट आला की थांबवा, एकेक फ्रेम पुढे न्या. वायर कुठे बांधली होती, ती पुढे पुसून कशी टाकली, पडताना हनुवटी छातीशी का घ्यायची, गादी कुठे होती, पहिल्या टेकला काय चुकलं. तुम्ही दुसऱ्या कोणाचा तरी कोट घालून, दुसऱ्या कोणासारखे केस लावून हवेत आहात, हे त्याला कळू द्या. मग कदाचित तो विचारेल, लागलं का? तेव्हा खोटं सांगू नका.

मालिकेचं शूटिंग पुढच्या महिन्याच्या २० तारखेला आहे, असं तुम्ही लिहिलंय. न्यूरॉलॉजिस्टची तारीख त्याच्या आधीची घ्या.